परिस्थितीचा भत्ता

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाला स्वतःचं पक्कं घर बांधता येत नसेल, तर त्याच्यासारखा करंटा तोच. घराला लागतं ते एकूण एक सामान त्याच्या दारात तयार होतं. सिमेंट म्हणाल तर घुग्गुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, कुठेही जा, वाळत घातलेल्या कपड्यांवर आपोआप येऊन बसतं. लोखंडाची माती सुरजागडच्या डोंगरातून निघते आणि रात्रंदिवस ट्रकांतून त्याच्या अंगणासमोरून जाते. बघायला पैसे पडत नाहीत. विजेचं तर विचारूच नका. दुर्गापूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. वीज राज्याला जाते, राख स्थानिकांसाठी राखीव. सागवान असं की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्च महिन्यात बल्लारशाहहून मिरवणूक काढून लाकूड गेलं. रेतीला वैनगंगा आहे, वर्धा आहे, प्राणहिता आहे. एवढं सगळं हाताशी असून माणूस ताडपत्रीखाली राहतो, याला आळसाशिवाय दुसरं काय कारण असणार?

हे माझं मत नव्हे, आमच्या चौकातल्या सरांचं आहे. सरांना तुम्ही ओळखता. प्रत्येक चौकात एक सर असतात, मोठ्या चौकात दोन. शाळा तिकडे आत जंगलात, घर इकडे जिल्ह्याच्या गावाला, आणि संध्याकाळी सहा ते आठ चहाच्या टपरीवर समाजप्रबोधन. सरांचा सिद्धांत सोपा आहे: गरिबी ही सवय आहे. 'परिस्थिती, परिस्थिती करत बसतात. अहो, परिस्थिती माणसाच्या हातात असते. खर्रा सोडा, मोबाइल सोडा, लग्नात डीजे लावू नका, नाटकाला जाऊ नका. घर उभं राहतं की नाही बघा.'

नाटक या यादीत कसं आलं, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. धान कापून झालं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, गावोगावी मंडप, शंकरपट, मंडई आणि पहाटेपर्यंत चालणारा तीन-चार अंकी हुंदका. चार महिने चिखलात रोवणी-निंदण केलेली बाई थंडीत शाल पांघरून तिकीट काढून रडायला बसते. सरांच्या मते तिचं घर तिथे बुडालं. सर स्वतः जातात, पण त्यांना पास असतो.

आता खर्रा. इथे मी सरांच्या बाजूचा आहे. खर्रा वाईटच. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून गालात ठेवायचा हा उद्योग विदर्भाच्या जबड्यांचं वाटोळं करतो आहे, आणि तो सोडायला कुणाच्या अनुदानाची गरज नाही. पण सर म्हणतात ते घर उभं करून पाहू. वीस रुपयांचा एक, दिवसाला दोन, म्हणजे वर्षाचे १४,६०० रुपये. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. फुटाला पंधराशेचा भाव धरा, मिस्त्री याच्या खाली बोलतच नाही. झाले चार लाख. सरकार देतं ते असं: प्रधानमंत्री आवास योजनेतले गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यासाठीचे १,३०,००० रुपये, शौचालयाचे १२,०००, रोजगार हमीची नव्वद-पंचाण्णव दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने अठ्ठावीस-तीस हजार. राज्याने २०२५ मध्ये ५०,००० वाढवून दिले, त्यातले १५,००० छपरावरच्या सौर पॅनेलसाठी. सगळी गोळाबेरीज सव्वादोन लाखांच्या आत. भिंतींना कमी पडतात साधारण दोन लाख. खर्ऱ्याच्या बचतीने ते भरून यायला तेरा-चौदा वर्षं लागतील. तोवर जबडा शाबूत राहील हे खरं, पण त्याच तेरा वर्षांत सिमेंटची पिशवी सरांचं भाषण ऐकून थांबून राहील असं वाटत नाही.

दारूचंही तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१, सहा वर्षं होती. ती बायांनी मोर्चे काढून मिळवली होती आणि त्यांना कारण होतं. दारूनं घरं बसतात हे त्यांना सरांनी शिकवावं लागलं नाही. चोरून येत होती, हेही सगळ्यांना ठाऊक. पण गरिबीचं मूळ एकट्या बाटलीत असतं, तर त्या सहा वर्षांत निदान अर्ध्या गावांनी स्लॅब टाकायला हवा होता. बंदी आली, बंदी गेली, ताडपत्री तीच राहिली. फार तर रंग बदलला.

परवा सरांबरोबर त्यांच्या शाळेच्या गावाला गेलो होतो. रस्त्याला लागून एका काकूंच्या घरकुलाचं काम जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं. जोत्यावर गवत उगवलं होतं आणि त्यावर एक बकरी उभी होती. त्या अर्थानं लाभार्थी राहायला आलेला होता. चारी कोपऱ्यांत उभा केलेला लोहा जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधून ठेवलेला, गंज लागू नये म्हणून. शेजारी मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर होतं. त्याची एक बाजू गेल्या पावसात खचली, तिथे ताडपत्री.

सरांनी गाडी थांबवली. उपदेशाची संधी सर सोडत नाहीत.

'काय बाई, पहिला हप्ता मिळाला ना? मग काम कायले थांबवलं?'

'रेती नाई ना सर.'

'शासन पाच ब्रास रेती फुकट देते घरकुलाला.'

'देते जी. कागद आहे माझ्याजवळ. रेती नदीत आहे.'

काकू आत गेल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आधार, जॉब कार्ड, बँकेचं पुस्तक, घरटॅक्सची पावती, गटाच्या कर्जाचं कार्ड आणि रेतीचा तो कागद, घडीवर फाटत चाललेला. रेती फुकट आहे, ट्रॅक्टर फुकट नाही. घाटाचा लिलाव झाला नव्हता तोवर रेती काढता येत नव्हती. झाला तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं पाच खेपांचे पैसे आधी मागितले. ते जमवेपर्यंत दहा जून उजाडला आणि पावसाळ्याची उत्खननबंदी लागली, ती थेट सप्टेंबरअखेरपर्यंत. पुढचा हप्ता पुढचं काम मोबाइलवर फोटो काढून वर चढल्याशिवाय मिळत नाही, काम रेतीशिवाय होत नाही, आणि रेती हप्त्याशिवाय येत नाही. 'चोरीची रेती भेटते जी रातच्याला,' काकू म्हणाल्या, 'पण ते महाग पडते. अन् धरलं त मीच चोर.'

सरांनी त्यांना नियोजन कसं करावं ते समजावून सांगितलं. अंथरूण पाहून पाय पसरावे, असंही म्हणाले. काकूंनी मान डोलावली. अंथरूण २०१६ साली मापून शिवलेलं आहे, एवढीच काय ती अडचण. योजना त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हा दुर्गम भागाला १,३०,००० ठरले, आणि केंद्र-राज्य मिळून देण्याचा तो मूळ आकडा आजही तेवढाच आहे. २०२९ पर्यंत योजना वाढवली, घरांची संख्या वाढवली, २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात एका कार्यक्रमात राज्यातल्या दहा लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता वाटला. आकडा मात्र त्या काकूंच्या जोत्यासारखा जिथल्या तिथे.

'मग कर्ज काढावं माणसानं,' सर परतीच्या वाटेवर म्हणाले. 'मी काढलं. बँक कशासाठी असते?' सरांनी गृहकर्ज काढलंय, वीस वर्षांचं, आणि त्याच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट घेतली आहे. यात काहीही गैर नाही. काकूंनी बँकेत जावं आणि सांगावं, मला घर बांधायचंय. साहेब विचारतील, तारण? काकूंकडे वनहक्काचा पट्टा आहे समजा, २००६ च्या कायद्यानं मिळालेला. तो पोरांना वारशानं देता येतो, कुणाच्या नावे करता येत नाही. आदिवासीची वडिलोपार्जित जमीन असेल तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत, नाहीतर आज ती जमीन कोणाकडे असती हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण जी विकता येत नाही ती जमीन बँकेला आवडत नाही. आणि गावठाणाबाहेर सरकलेलं घर असेल तर ते कदाचित झुडपी जंगलात निघेल.

झुडपी जंगल ही पूर्व विदर्भाची खास चीज आहे. झाड नसलं तरी चालतं, कागदावर जंगल हवं. या जागांवर वर्षानुवर्षं शाळा झाल्या, दवाखाने झाले, रस्ते झाले, वस्त्या झाल्या. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना रीतसर जागा दिल्या गेल्या, त्यांच्यासाठी केंद्राची मंजुरी घेऊन नियमित करायची वाट मोकळी ठेवली. ८६,४०९ हेक्टर जमिनीचा हा प्रश्न आहे. निकालावर बोलण्याइतका मी कायदेपंडित नाही, जंगल राहायला हवं हेही खरं. पण तीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं दाखवलेल्या जागेवर कूड उभारलेल्या माणसाकडून १९९६ च्या आधीचा कागद मागायचा, आणि तो सापडला नाही की त्याला बेजबाबदार म्हणायचं, ही कला सरांनाच साधते. दरसाल वाळवी लागणाऱ्या कुडाच्या घरात तीस वर्षं कागद जपणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

गटाच्या कर्जाला तारण लागत नाही. म्हणून काकूंच्या पिशवीत ते कार्ड आहे. हप्ता चुकला तर बँक दार ठोठावत नाही, गटातल्या बाकीच्या बायाच येऊन बसतात. तारण म्हणून जमीन चालत नाही तिथे शेजारीण चालते.

जागा नीट चौकशी करून घ्यावी, हा सरांचा आणखी एक मुद्दा. बरोबर आहे. चंद्रपुरात इरईच्या निळ्या पूररेषेत प्लॉट घेतलेल्यांनी चौकशी करायला हवी होती. रहमत नगर, सिस्टर कॉलनी या भागांत पाणी शिरतं, २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये शिरलं, लोक छतांवर गेले. आता तुम्ही म्हणाल, ज्यानं पूररेषेत लेआउट पाडला, ज्यानं विकला, ज्यानं नळ दिला, वीज दिली आणि टॅक्स वसूल केला, त्यांनीही चौकशी करायला हवी होती. तसं नसतं. चौकशीची जबाबदारी साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाची. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे, हे त्याला कळायला हवं. त्याला कळतं हो. तो स्वस्त आहे म्हणूनच घेतो.

पण चौकशीची कमाल पाहायची तर घुग्गुसला जा. २६ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. पडलं नाही, खचलं नाही, गेलं. घरातली माणसं काही क्षण आधी बाहेर पडली म्हणून वाचली, आणि घराच्या जागी राहिला एक खोल खड्डा. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूची घरं रिकामी करायला लावली. त्या कुटुंबानं आयुष्याची कमाई त्या घरात घातली होती, खर्रा खाऊन थुंकली नव्हती. चूक एकच झाली: घर घेताना त्यांनी वर छप्पर पाहिलं, चारी बाजूंनी भिंती पाहिल्या, खाली इंग्रजांच्या काळापासून कोणी काय पोखरून ठेवलंय ते पाहिलं नाही.

यावर सर थोडा वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, 'ते अपवादात्मक.'

आता मुख्य मुद्द्यावर येतो. परिस्थिती नावाची गोष्टच नसते असं सर म्हणतात, पण सरकार तसं म्हणत नाही. सरकारला परिस्थिती चांगली कळते. तिचा रोख दर ठरलेला आहे आणि तो सरांच्या पगारपत्रकावर छापून येतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात नोकरी म्हणून एकस्तर वेतनश्रेणी. त्याच कारणासाठी प्रोत्साहन भत्ता. मुख्यालयी राहावं लागतं म्हणून घरभाडे भत्ता. सर मुख्यालयी राहत नाहीत, कारण तिथे, त्यांच्याच शब्दांत, 'राहण्यासारखी परिस्थिती नाही.'

हे भत्ते चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. हिवताप तर गडचिरोलीच्या पाचवीला पुजलेला. तिथे नोकरीवर जाणाऱ्याला चार पैसे जास्त द्यायलाच हवेत. माझी शंका एवढीच की जो पूर बाहेरून आलेल्या ग्रामसेवकासाठी परिस्थिती असतो, तोच पूर तिथे जन्मलेल्या माणसासाठी सबब कसा होतो? डास तर एकच आहे. तो चावण्याआधी सेवापुस्तक बघत नाही.

कंपन्यांचंही तेच. कारखाना गडचिरोलीत काढायचा तर सामूहिक प्रोत्साहन योजनेत नक्षलग्रस्त भागाला, विनाउद्योग जिल्ह्याला वरचा दर. विद्युत शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, जीएसटीचा परतावा. इथे येणं अवघड आहे, हे राज्याला मान्य आहे. राहणं अवघड आहे, हे मान्य करायचं राहून गेलंय. आणि मोठ्यांचं कर्ज थकलं की त्याला रीतसर प्रक्रिया असते. बल्लारपूर इंडस्ट्रीज, जिच्या कागदावर आपण सगळे शाळेत बाराखडी गिरवत आलो, ती २०२० च्या जानेवारीत दिवाळखोरी कायद्याखाली गेली. अशा वेळी बाजारपेठ, व्याजदर, कच्चा माल असं सगळं तपासलं जातं. संचालकांच्या पोरांनी कोणते मोबाइल घेतले, हे कोणी विचारत नाही, विचारूही नये. काकूंच्या पोराच्या मोबाइलचा हिशेब मात्र अख्ख्या चौकाला पाठ.

सर म्हणतात, कष्ट करणाऱ्याला काही कमी पडत नाही. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे. तिथे दादाजी खोब्रागडे राहायचे. शिक्षण बेताचं, जमीन दीड एकराच्या घरात. १९८३ च्या सुमाराला बांधीतल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' नाव पडलं. आज तुमच्या ताटात जो असेल तो. पुढे कृषी विद्यापीठानं त्याच बियाण्यावरून आपल्या नावाचा वाण काढला आणि श्रेयाचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. दादाजींनी आणखीही वाण काढले. २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं यादीत नाव घातलं. पुरस्कारात मिळालेलं सोन्याचं पदक अडचणीच्या वेळी विकायला काढलं तर ते सोनं अस्सल नसल्याचं निघालं, अशा बातम्या तेव्हा गाजल्या होत्या. ३ जून २०१८ ला ते गेले, पैशाच्या विवंचनेतच. या माणसानं आळस केला, की नियोजन चुकलं? की त्यानं अंथरूण पाहिलं नाही? देशभरच्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत त्याचा तांदूळ थप्पीला लागला होता आणि त्याला औषधाच्या पैशांची चिंता होती. सरांना विचारलं तर म्हणाले, 'पेटंट घ्यायला पाहिजे होतं.'

त्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी २०२५ च्या डिसेंबरात आली. दुधाच्या गायींसाठी त्यानं सावकारांकडून लाखभर रुपये घेतले, गायी मेल्या, व्याज चढत गेलं. जमीन गेली, ट्रॅक्टर गेला, घरातलं किडूकमिडूक गेलं, आणि मागणी चौऱ्याहत्तर लाखांवर पोचली. शेवटी कंबोडियात जाऊन मूत्रपिंड विकलं, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. सावकारांना अटक झाली. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे. त्याखाली शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा टक्के, याच्यावर व्याज लावता येत नाही. लाखाचे चौऱ्याहत्तर लाख व्हायला बारा टक्क्यांनी किती वर्षं लागतात, ते सरांनी गणिताच्या तासाला पोरांना घालावं. चक्रवाढीनंही अडतीस लागतात. तो इतकी वर्षं थांबला नाही, त्याला थांबू दिलं नाही.

'पण कर्ज घेतलंच कशाला?' चौकात हा प्रश्न आला, येणारच होता. गायींसाठी घेतलं. जोडधंदा करा, दुग्धव्यवसाय करा, नोकरीच्या मागे लागू नका, हे त्याला गेली वीस वर्षं सगळ्या सरांनी मिळूनच सांगितलेलं होतं. ऐकलं त्यानं.

आता एक गंमत सांगतो, सरांना ही आवडत नाही. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं छोटं गोंड गाव आहे, लेखाजवळचं म्हणून मेंढा (लेखा). तिथल्या बांबूवर गावाचा हक्क नव्हता. जंगलातला बांबू कागदगिरणीला जायचा आणि गावच्या माणसानं विकायला तोडला तर तो चोर. २००९ मध्ये गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही वाहतुकीच्या पासासाठी भांडावं लागलं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. गावानं बांबू विकला, लाखोंची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात आली, मजुरी वेळेवर निघाली. यात गावकऱ्यांचं कर्तृत्व मोठं आहे, देवाजी तोफांसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं, वर्षानुवर्षं एकमतानं निर्णय घ्यायची सवय लावली. ती जबाबदारीच, आणि सरांच्या व्याख्येपेक्षा बरीच अवघड. पण बघा, ती सवय २००९ च्या आधीही होती. माणसं तीच, जंगल तेच, बांबू तोच. मेहनत आधीही होती, मोहफूल आधीही होतं. मधे बदललं ते एक पासबुक. एप्रिलपर्यंत जो चोर होता, तो मे महिन्यात विक्रेता झाला. त्याच्या स्वभावात त्या दोन-चार आठवड्यांत काय सुधारणा झाली असेल, याचा शोध सर अजून घेत आहेत.

आणि ज्यांच्या हातात पुस्तक आलं नाही, त्यांनी काय करावं? मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे चारला निघायचं, वाकून पानं खुडायची, सत्तर पानांचा एक पुडा. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एका दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पुन्हा जंगलात गेल्या नसतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही तेंदूचा हंगाम पाहिलेला नाही. पंधरा दिवसांचं काम असतं, त्यावर पावसाळ्याचं मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या. याला परिस्थिती म्हणायचं नाही, धाडस म्हणायचं. ताडोबाच्या कोअरमध्ये जिप्सीतून वाघ बघायला जो पैसे मोजतो, त्याला पर्यटक म्हणतात.

तर मी सरांपुढे एक प्रस्ताव ठेवला. म्हटलं, तुमचंच गणित काकूंना लावू. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा. महागाई भत्ता तिथे शून्यापासून सुरू झाला आणि २०२५ च्या जानेवारीपासून ५५ टक्क्यांवर आला. महागाई हा नोकरदाराचा दोष नाही, हे सरकारला सहा-सहा महिन्यांनी आठवतं. भत्ता थोडा उशिरा येतो, पण थकबाकीसह येतो. घरकुलाचा आकडाही २०१६ चाच. त्याला नुसता तुमचा महागाई भत्ता लावला असता तर १,३०,००० चे २,०१,५०० झाले असते. राज्याचे पन्नास हजार मिळवूनही आज काकू त्याच्या वीस-बावीस हजार मागे आहेत, आणि त्या पन्नासातले पंधरा सूर्याचे. तेव्हा एक करा. तुमच्या संघटनेचं पुढचं निवेदन जाईल त्यात महागाई भत्त्याच्या मागणीखाली एक ओळ वाढवा: हाच दर घरकुलाला लागू करावा. तुमचा एक पैसा जात नाही.

सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप टपरीच्या फळीवर ठेवला.

'तसं कसं करता येईल?' ते म्हणाले. 'सरकारची सध्या परिस्थिती नाही.'